नागपुरात काँक्रीटच्या फरशीवर राहायचं तर

घराचं काम संपलं त्या दिवशी मिस्त्री हातपाय धुता धुता म्हणाला होता, "ताई, या फरशीले काहीच नाही लागत जी. पाणी मारलं का झालं." बेसा भागातल्या या घरात आम्हाला आता सहा वर्षं होतील. फरशी मला आवडते. पुन्हा घर बांधायची वेळ आली तर हीच करीन. पण मिस्त्रीचं ते वाक्य काही खरं नव्हतं. या फरशीला लागतं, फक्त टाइल्सला लागतं ते हिला चालत नाही आणि हिला लागतं ते घरात कुणाला माहीत नसतं.

टाइलवर कारखान्यातच काचेसारखा थर भाजून आलेला असतो. काँक्रीटला असलं कवच नाही. दिसायला दगड, पण आत बारीक बारीक छिद्रं, आणि सिमेंट पाण्याशी मिळताना तयार झालेला चुना ठासून भरलेला. छिद्रांमुळे ती तेल-पाणी पिते आणि चुन्यामुळे आंबट पदार्थांशी तिचं हाडवैर. म्हणून आपण खरा सांभाळतो तो तिच्यावर चढवलेला किंवा तिच्यात मुरवलेला नखाहून पातळ थर. तो कोणता आहे हे ठाऊक नसेल तर शेजारणीचा सल्ला आपल्या घरी लागू पडत नाही.

आधी आपली फरशी कोणती ते ओळखा

एकाच नावाखाली इथे निदान चार वस्तू चालतात. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत असतो तो घोटलेला कोबा, काही ठिकाणी लाल ऑक्साइड घालून केलेला. मिस्त्री त्यालाच आयपीएस (इंडियन पेटंट स्टोन) म्हणतात आणि चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या घालतात. दुसरी मशीनने घासून पॉलिश केलेली. हिऱ्याच्या कणांचे पॅड लावून ५० किंवा १०० नंबरपासून ८००, १५०० पर्यंत चढत जातात आणि मध्येच डेन्सिफायर नावाचं सिलिकेटचं पातळ द्रावण मुरवतात. ते आतल्या चुन्याशी मिळून त्याचा टणक पदार्थ करतं, म्हणून वरचा भाग घट्ट होतो आणि धूळ सुटत नाही. तिसरी म्हणजे जुन्या फरशीवर ओढलेला दोन-तीन मिलिमीटरचा मायक्रोसिमेंटचा लेप. चौथी इपॉक्सी किंवा पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) जाड कोट दिलेली. इथे पाय काँक्रीटला लागतच नाही, प्लास्टिकच्या पापुद्र्यावर पडतो.

घर तयार घेतलं असेल आणि सांगणारं कुणी नसेल तर दोन परीक्षा करा. कोपऱ्यात चमचाभर पाणी ओता आणि दहा मिनिटं बघा. पाणी मोत्यासारखं गोळा होऊन राहिलं तर वर सीलर, म्हणजे तेल-पाणी आत जाऊ न देणारा तो पातळ थर, आहे आणि शाबूत आहे. जागा गडद होत गेली तर सीलर नाही, किंवा झिजला आहे. दुसरी परीक्षा लिंबाच्या एका थेंबाची, आणि ती फक्त कपाटाखाली येणाऱ्या जागी, कारण तिथे कायमची खूण राहू शकते. थेंबातून बारीक फेस आला तर आंबट थेट सिमेंटला भिडतंय. फेस आला नाही तर मध्ये कोट आहे. लगेच पुसून टाका.

आमची फरशी पॉलिश केलेली आहे, वर आत मुरणारा सीलर. या जातीत एक फसगत असते. पाणी टाकलं तर मोती होतात, म्हणून वाटतं सगळं सुरक्षित आहे. पण मुरणारा सीलर छिद्रं बंद करतो, वरचा पृष्ठभाग उघडाच राहतो. पाणी आत जात नाही, लिंबू मात्र वरून खातं.

नवी फरशी असेल तर पहिला महिना

सिमेंटची बहुतेक ताकद २८ दिवसांत येते, आणि तीही पाणी नीट मारलं तर. उन्हाळ्यात साध्या सिमेंटला निदान १० दिवस आणि फ्लाय ॲश मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला १४ दिवस फरशी सतत ओली हवी. पीपीसीत असते ती औष्णिक केंद्रांची राख, आपल्या कोराडी-खापरखेड्याला निघते तशी, आणि ती सावकाश पकडते. "सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवतो" म्हणणाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये विश्वास ठेवू नका. दुपारच्या दोन तासांत सगळं कोरडं होतं. ओलं पोतं अंथरा, नाहीतर कडेला वाफे करून पाणी साठवा.

या दिवसांत फरशीच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा किंवा प्लास्टिक टाकून ठेवू नका. झाकलेला भाग वेगळा वाळतो आणि तो चौकोन पुढे वर्षानुवर्षं दिसत राहतो. झाकायचं तर अख्खी खोली झाका.

सीलर मारण्याआधी ओल तपासायची साधी युक्ती आहे. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि रात्रभर, म्हणजे निदान १६ तास, तसाच ठेवा. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालची जागा काळवंडली तर थांबा. आमच्या पहिल्या ठेकेदाराने हे केलं नाही. जुलैच्या मध्यात, बाहेर झड लागलेली असताना, त्याने हॉलमध्ये अ‍ॅक्रिलिकचा चकचकीत कोट मारला. आठ दिवसांत सगळी फरशी ताकासारखी पांढुरकी झाली. खालची ओल वर यायला बघत होती आणि कोटाखाली अडकली होती. तो कोट घासून काढण्यातच दिवाळी आली. पॉलिश आणि मुरणारा सीलर हे नंतरचं शहाणपण.

रोजचं काम: कचकच घरात येऊ देऊ नका

फरशीची चमक जाते ती पुसण्याने कमी, पायाखालच्या रेतीने जास्त. रेतीचा कण सिमेंटपेक्षा कडक असतो. चपलेखाली आलेला प्रत्येक कण म्हणजे पॉलिश पेपरचा तुकडा, आणि आपण चालत चालत घर घासत असतो. नवतपाच्या दिवसांत वारं सुटलं की आमच्या दाराच्या फटीतून ही बारीक धूळ येते. म्हणून दोन पायपुसणी: बाहेर खरखरीत, आत कापडी. पायपुसण्याच्या मागे रबर असेल तर ते रोज संध्याकाळी उचलून ठेवा. रबर एका जागी महिनोन्महिने राहिलं की सीलरवर पिवळट छाप उमटते, आणि ती पुसून जात नाही.

पोछा मारायच्या आधी कोरडा मायक्रोफायबरचा मॉप फिरवायचा. झाडूने मोठा कचरा निघतो, बारीक धूळ नुसती जागा बदलते. मग बादलीभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं पातळ लिक्विड, बस. कपडा घट्ट पिळायचा. कपडे धुवायची पावडर नको, ती क्षारयुक्त असते आणि तिचा पांढरा थर राहतो. फिनाईलही मी बंद केलं. त्याच्या वासाने घर स्वच्छ वाटतं, पण मागे किंचित चिकटपणा राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर धूळ जास्त बसते. सासूबाईंना हे पटायला वर्ष लागलं. "वासाशिवाय पोछा म्हणजे मीठाशिवाय वरण," हे त्यांचं म्हणणं अजून आहेच.

कामाला येणाऱ्या ताईंना सांगायची गोष्ट एकच, पण बजावून सांगायची: संडास साफ करायची बाटली मोरीच्या बाहेर आणायची नाही. दारावर विकायला येणारं ॲसिड तर घरातच नको. दोन्हींत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. एकदा पुसलं की डाग निघाल्यासारखा वाटतो, कारण डागासकट फरशीचा वरचा थर निघालेला असतो. आणि असलं ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो छातीला लागतो.

आंबट

नागपूरच्या माणसाला या फरशीचं खरं दुखणं आंबटाचं. अंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास घरात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. ती संपत नाहीत तोवर कैरीचं पन्हं सुरू. पावसाळ्यात अंबाडीची भाजी, भाद्रपदात महालक्ष्म्यांची आंबील, आणि लिंबू तर बाराही महिने जेवणाच्या ताटात.

आमच्या फरशीवरचा पहिला चट्टा लिंबाच्या फोडीचा आहे. जेवणाच्या टेबलाखाली पडलेली पिळलेली फोड रात्रभर तशीच राहिली. सकाळी उचलली तर खाली तिच्याच आकाराची अर्धी चकती, फिक्की, उजेड न परतवणारी. मी साबण लावला, सोडा लावला, घासघास घासली. काही फरक नाही. मग लक्षात आलं की हा डाग नाहीच. डाग म्हणजे वर काहीतरी बसलेलं असतं. इथे काहीतरी गेलेलं होतं. बोट फिरवलं की तेवढी जागा खरखरीत लागायची.

म्हणून आंबट सांडलं तर क्रम असा. लगेच टिपून घ्या, पुसत पसरवू नका. साधं पाणी शिंपडून पुन्हा टिपा. मग कपभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून त्याने एकदा पुसा, उरलंसुरलं आंबट मरतं. शेवटी साध्या पाण्याने. सगळं मिळून दोन मिनिटं. संत्र्याचा रस पाच-दहा मिनिटं माफ करतो, लिंबू आणि व्हिनेगर करत नाहीत. इंटरनेटवर "व्हिनेगरने फरशी पुसा" असं सांगणारे व्हिडिओ आहेत, ते टाइलवाल्यांसाठी.

चट्टा पडलाच तर तो हातानेही काढता येतो, फक्त धीर हवा. हिऱ्याचे हाताने घासायचे पॅड मिळतात. ४०० नंबरने पाणी टाकत गोल गोल घासा, चट्ट्याच्या बाहेर चार बोटं जात जात, म्हणजे कड दिसणार नाही. मग ८००, मग तुमची मूळ फरशी जिथवर नेली असेल तो नंबर. दोन नंबरांच्या मध्ये सगळा चिखल पुसून घ्या, आधीचा एक कण राहिला तरी पुढच्या पॅडखाली ओरखडा उठतो. पूर्ण वाळल्यावर तेवढ्या जागी सीलर. कोरडं घासू नका. सिमेंटची ती बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. मशीनवाला बोलावलात तर त्याच्याकडेही पाण्याचा किंवा धूळ ओढणारा जोड आहे का, ते आधी विचारा.

इपॉक्सी किंवा पीयूवाल्यांना ही चिंता जवळजवळ नाही. त्यांची चिंता वेगळी: खिडकीतलं ऊन पडतं तिथे इपॉक्सी पिवळी पडत जाते.

हळद, तेल आणि बाकीचे डाग

हळदीचा किस्सा गमतीचा आहे. सीलर नसलेल्या नव्या कोब्यावर हळदीचं पाणी सांडलं तर डाग पिवळा न राहता तांबडा होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तेच इथे तुमच्या डोळ्यांसमोर घडतं. त्यावर कपड्याचा साबण किंवा सोडा लावला की आणखी लाल, आणि घरात घबराट. घाबरायचं नाही. आधी कोरडी हळद कागदाच्या कडेने उचला, मग भांड्यांच्या लिक्विडने टिपा. राहिलेला रंग उन्हाने जातो. खिडकीजवळचा डाग काही दिवसांत आपोआप फिका पडतो. ऊन पोचत नाही तिथे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा बोळा तासभर ठेवा, पण आधी कोपऱ्यात करून बघा.

तेलाला घाई करून उपयोग नाही. सावजीच्या रश्श्याची तर्री सांडली तर वरची टिपली तरी अर्धी आत गेलेली असते. ती आतून बाहेर खेचावी लागते. टाल्कम पावडर किंवा खडूची पूड घ्या, त्यात भांड्यांचं लिक्विड आणि थोडं पाणी घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा. डागावर बोटभर जाड थापा, वर प्लास्टिक लावून कडा चिकटवा. एक दिवसाने प्लास्टिक काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या, खेचण्याचं काम वाळतानाच होतं. मग लाकडी उलथन्याने काढा. एका खेपेत जात नाही, तीन खेपा धरून चाला.

गंजाचे डाग मात्र पडूच देऊ नयेत. आमच्याकडे दोन गुन्हेगार सापडले. एक कूलरचं लोखंडी स्टँड: चार पायांखाली चार तांबडे ठिपके, आणि बोअरचं पाणी थेंब थेंब गळून त्यांच्याभोवती पांढरी कडी. आता पायांना रबरी बूट, खाली ट्रे, आणि पावसाळ्यात कूलर आत ठेवताना पाट. दुसरा गॅस सिलिंडर. ओल्या फरशीवर ठेवला की बुडाच्या कड्याचा गोल उमटतो, आणि माणूस तो कडेवर फिरवत नेतो तेव्हा दारापासून ओट्यापर्यंत चंद्रकोरी पडतात. चाकांची ट्रॉली दारातच ठेवा. गंजावर लिंबू-मीठ हा आजीचा उपाय इथे उलटतो: गंज जाईल आणि चट्टा मिळेल.

सणावाराचं थोडं. रांगोळीचे रंग सीलर नसलेल्या कोब्यात मुरतात, त्यामुळे रंगीत रांगोळी पाटावर किंवा प्लायच्या तुकड्यावर. पांढरी थेट चालते, पण ती दगडाची पूड आहे, पायाने चोळू नका. पणतीखाली बशी. आणि तान्हा पोळ्याला पोट्ट्यांचे लाकडी बैल घरभर फिरतात, त्यांच्या चाकांना खिळे वर आलेत का ते सकाळीच बघून घ्या. आमच्या हॉलमधला सर्वात लांब ओरखडा नंदीचा आहे. त्यावर कुणाला ओरडताही येत नाही.

पॉलिशची फरशी कोरडी असताना घसरत नाही, ओली असताना घसरते. घरात वयस्क माणसं असतील तर मोरी, बाथरूम आणि अंगण चकचकीत करू नका. तिथे झाडूने ओढलेला खरबरीत कोबाच बरा.

भेगा आणि पांढरं फुटणं

भेगा पडतात. काँक्रीट वाळताना आकसतं, आणि खाली आपली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते. भेग पडणारच असते, म्हणून ती आपण सांगू तिथे पडावी यासाठी मिस्त्री सुरुवातीलाच जाडीच्या पाव भागाइतके खोल काप देतात. ते काप नंतर सिमेंटने भरायचे नाहीत. हलणाऱ्या जागी कडक भरण टिकत नाही, कडेने पुन्हा फाटतं. लवचिक पीयू सीलंट भरा.

केसाएवढी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. एकदा मेमध्ये बघा, एकदा सप्टेंबरमध्ये. पुढे सरकली नाही तर विसरून जा. आमच्या स्वयंपाकघरातली उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते, सहा वर्षं हाच तिचा दिनक्रम. काडीपेटीतली काडी आत जाईल इतकी रुंद झाली, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा उंच लागू लागली, तर फरशीवाल्याला न बोलावता इंजिनीअरला बोलावा.

तळमजल्यावर पावसाळ्यानंतर भिंतीच्या कडेने मिठासारखं पांढरं फुलतं. खालची ओल क्षार घेऊन वर येते, पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पाण्याने धुतलं तर ते विरघळून पुन्हा आत जातात. आधी कोरड्या ब्रशने झाडा आणि गोळा करून बाहेर टाका. मग ओल कुठून येते ते शोधा: पन्हाळीचं पाणी पायाशी पडतंय, की बाहेरची माती जोत्याला चढलीय.

पुन्हा सीलर कधी आणि कसा

वर्षातून एकदा पाण्याच्या थेंबाची परीक्षा करायची, दारापाशी आणि ओट्यासमोर, कारण झीज तिथे आधी होते. अ‍ॅक्रिलिकचा कोट घरात साधारण दोन-तीन वर्षं टिकतो, मुरणारा सीलर त्याहून पुष्कळ जास्त. मोती व्हायचे थांबले की वेळ आली.

नागपुरात यासाठी चांगले दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्याचं वर सांगितलंच. मेमध्ये पारा ४५ कडे गेला की कोट पसरायच्या आत वरून सुकतो आणि बुडबुडे धरतो. फरशी आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळू द्या, पंखे बंद ठेवा म्हणजे धूळ बसणार नाही, खिडक्या उघड्या. पातळ हात मारा. आत मुरणारा सीलर असेल तर जे मुरलं नाही ते डब्यावर लिहिलेल्या वेळेत पुसून घ्या, नाहीतर चिकट चट्टे राहतात. आतल्या कोपऱ्यातून दाराकडे या. आमच्या घरी हे सांगूनही एकजण ओल्या फरशीच्या पलीकडे, गॅलरीत अडकला होता, आणि चहा खिडकीतून द्यावा लागला. पुन्हा वस्तू मांडण्याआधी कंपनी सांगते तितके तास थांबा, पलंग-कपाटांना आणखी एक दिवस. पायांखाली जुन्या घोंगडीच्या गोल चकत्या कापून चिकटवा.

उरलेल्या डब्यावर मार्करने लिहून ठेवा: कोणती खोली, कोणता सीलर, कोणती तारीख. पुढच्या वेळी जो कारागीर येईल तो पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि वेगळ्या जातीचा कोट जुन्यावर बसत नाही.